सोनेरी कागदातला पहिला खंड

निवृत्त माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. तब्येत कशी आहे आणि वेळ कसा जातो. तब्येत बरी आहे. दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर 'वाचतो' असं आहे, पण ते दिलं की समोरचा 'वा!' म्हणतो आणि मग गप्प होतो, जणू मी एखादा आजार सांगितला आहे. म्हणून हल्ली मी 'जरा बाजारात जाऊन येतो' असं सांगतो. तेही खोटं नाही. वाशीच्या घाऊक मार्केटकडे जाणारा रस्ता ओलांडला की सानपाड्याच्या गावठाणात एक गल्ली आहे. त्या गल्लीत, चिकन सेंटर आणि मोबाइल दुरुस्तीच्या मध्ये, पुस्तकांचं एक दुकान आहे. बरेचसे दिवस मी तिथेच सापडतो.

गाळा इतका अरुंद की तिसरं गिऱ्हाईक आत आलं की पहिल्याला बाहेर यावं लागतं. दुकान चालवणाऱ्या बाई पूर्वी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत होत्या. वर्ग कमी होत गेले आणि शेवटी शाळेने त्यांनाही कमी केलं. तेव्हा घरातली आणि शाळेच्या ग्रंथालयातून काढून टाकलेली पुस्तकं घेऊन त्यांनी हे दुकान मांडलं. वयात आमच्यात फार अंतर नाही. तरी त्या मला काका म्हणतात आणि मी त्यांना ताई म्हणतो. या व्यवहारात नुकसान माझंच आहे, पण नवी मुंबईत पांढऱ्या केसांच्या माणसाला दुसरा भाव मिळत नाही.

मॉलमधल्या पुस्तकाच्या दुकानातही मी जाऊन आलो आहे. तिथे मग, मेणबत्त्या, वह्या आणि मन शांत करणारे दगड मिळतात. मराठी पुस्तकं कुठे आहेत विचारल्यावर तिथल्या मुलीने अत्यंत नम्रपणे मला पाककृती आणि भविष्य यांच्यामधल्या एका खणाशी नेलं. तिथे वाकून बघायची व्यवस्था होती. ताईंकडे खणांना विषयांची नावं नाहीत. एका खणावर 'आजारपणात वाचायची' असं लिहिलं आहे, एकावर 'सासरी न्यायला चालतील' आणि दारासमोरच्या सगळ्यात मोठ्या खणावर 'लोकांना दाखवायची'. विक्री त्याच खणाची जास्त होते.

ताईंचा दुसरा गुण म्हणजे त्या पुस्तक विकायला फारशा उत्सुक नसतात. गेल्या पावसाळ्यानंतर मी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी उचलली, तर म्हणाल्या, "काका, राहू द्या. यात दर पानावर घोडा खिंकाळतो." मी हट्टाने नेली. त्यांचं म्हणणं अगदीच खरं नव्हतं. काही पानांवर हत्तीही होता.

त्याच सुमारास त्यांनी माझ्या हातात पाटबंधारे खात्यातल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याचं आत्मचरित्र ठेवलं. त्याने ते स्वतःच्या खर्चाने छापलेलं होतं. सुरुवातीला शुभेच्छा, आशीर्वाद, दोन शब्द, आणखी दोन शब्द, आणि ते देणाऱ्या मान्यवरांचे फोटो. मी पुस्तक मिटणारच होतो, पण ताईंनी बजावलं होतं की फोटो संपेपर्यंत धीर धरा. फोटो संपले आणि एक माणूस कालव्याच्या दरवाजाशी रात्रपाळी करतो आहे, पाणी सुटल्यावर आवाज कसा बदलतो ते सांगतो आहे, असं एक प्रकरण आलं. गेल्या वर्षभरात मी इतकं चांगलं काही वाचलं नाही. ज्यांनी आशीर्वाद दिले त्यांनीही ते वाचलं नसणार, कारण एकाने त्याचा उल्लेख 'कवितासंग्रह' असा केला होता.

एक रहस्यकथाही नेली होती. शेवटची पानं फाटलेली होती, म्हणून ताईंनी शेवट तोंडी सांगितला. खुनी दिवाणजी निघाला. पुढे तेच पुस्तक वाचून गेलेल्या एका बाईंची गाठ पडली, तर त्यांना खुनी धाकटी सून आहे असं सांगितलं होतं. मी ताईंना जाब विचारला. त्या म्हणाल्या, "त्या बाईंचं सुनेशी पटत नाही हो. चांगल्या खूश होऊन गेल्या."

तर असं दुकान. हे चालतं कसं, असा प्रश्न कोणालाही पडेल. ते चालतं सत्कारांवर.

आपल्याकडे काही वर्षांपूर्वी पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देण्याची प्रथा निघाली. कल्पना चांगली होती. फुलं संध्याकाळी कोमेजतात, पुस्तक राहतं. इतकं राहतं की ते कोणी उघडतच नाही. बेलापूरच्या कचेरीत असताना मी असे कितीतरी सत्कार पाहिले. पाहुणा उभा राहतो, सोनेरी कागदात बांधलेला चौकोन दोन्ही हातांनी घेतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि चौकोन मागच्या माणसाकडे देतो. मागचा तो गाडीत ठेवतो. आत काय आहे हे विचारलेलं मी एकदाही ऐकलं नाही.

आमच्या भागात एक सांस्कृतिक मंडळ आहे. वर्षभर त्यांचं काही ना काही चालू असतं, आणि सत्काराची पुस्तकं ताईंकडून जातात. मंडळाचे सचिव स्कूटरवरून न उतरता ऑर्डर देतात.

"ताई, पाच द्या. जरा भरीव दिसली पाहिजेत."

"कशावरची हवीत?"

"कशावरची म्हणजे? सोनेरी कागदातली."

या ऑर्डरींमुळे दुकानाचं वीजबिल निघायचं, नवी पुस्तकं यायची आणि आमच्यासारख्या चार-सहा माणसांना स्टुलावर बसून फुकट मतं देता यायची. त्यातली बरीच पुस्तकं काही महिन्यांनी परतही यायची. रद्दीवाल्याला ठाऊक झालं होतं. सोनेरी कागद दिसला की तो गठ्ठ्यातून वेगळा काढून ताईंना आणून द्यायचा. ताई जुना कागद काढून नवा लावायच्या आणि पुस्तक पुन्हा सन्मानाला पाठवायच्या. एक ग्रामीण कथासंग्रह असा बहुतेक सगळ्या सेक्टरांत फिरून आला होता. वाचलेला मात्र फक्त आम्ही दोघांनी.

गेल्या हिवाळ्यात मात्र दुकानावर गंडांतर आलं. इमारत ताईंच्या सासऱ्यांनी बांधलेली, गावठाणातल्या वडिलोपार्जित जागेवर. वरचे मजले भावाभावांत वाटले गेले आणि खालचे गाळे ताईंच्या मोठ्या दिरांकडे आले. ताई त्यांना दादा म्हणतात, बाकी अख्खा गाव शेठ म्हणतो. शेठ माणूस वाईट नाही. गावच्या देवळाच्या कमिटीत, जत्रेत, पालखीच्या पुढे, कुठेही मंच असला की ते असतात. त्यांनी इतकी वर्षं गाळा घरातल्या माणसाकडे आहे म्हणून सोडला होता. पण एक दिवस बिनअंड्याच्या केकचं दुकान काढणारा एक माणूस टेप घेऊन आला आणि आम्ही बसलेलो असताना आमच्या डोक्यावरून भिंती मोजून गेला.

संध्याकाळी शेठ स्वतः आले. आत मावत नव्हते, म्हणून दारातून बोलले.

"पाडव्यापतूर बघ दुसरीकडं. मी काय तुला रस्त्यावर काढत नाय. घरी मांड ना तुजी पुस्तकं."

"घरी कोण येणार, दादा?"

"इकडं तरी कोन येतंय? हे काका येतात. ते घरी पन येतील."

हे खरं होतं आणि म्हणूनच मला त्याचा राग आला.

ताईंनी वाद घातला नाही. त्यांचे यजमान तुर्भ्याला एका कारखान्यात पाळीवर जातात आणि भावासमोर बोलत नाहीत. त्यामुळे घरातून आधार नव्हता. मंडळाच्या ऑर्डरी येत राहिल्या तर गल्लीच्या टोकाला एखादी खोली भाड्याने परवडेल, एवढीच त्यांना आशा होती. त्या ऑर्डरी गेल्या की सगळंच गेलं. शाळेपाठोपाठ हेही.

अशात मंडळाचा वर्धापनदिन आला. सचिव सकाळी सकाळी आले, या वेळी स्कूटर बंद करून. कार्यक्रम संध्याकाळी होता आणि ते सांगायचं विसरले होते. तीन सत्कार, तिघेही वजनदार. बेलापूरचे एक अधिकारी प्रमुख पाहुणे, मांडवासाठी मैदान मिळवून दिलं म्हणून आमचे शेठ, आणि एक ज्येष्ठ डॉक्टर. "तिघांना एकसारखं हवं. एकाचं जाड, एकाचं बारीक असं झालं तर लोक बघतात."

एकसारखी, जाड, कडक पुठ्ठ्याची तीन पुस्तकं दुकानात एकाच ठिकाणी होती. एका कादंबरीचे तीन खंड. एस.टी. येण्याच्या आधी दोन तालुक्यांमध्ये स्वतःची मोटारगाडी चालवणाऱ्या एका घराण्याची गोष्ट. प्रकाशक बंद पडलेला, कादंबरी विसरली गेलेली, आणि तीन खंड एकदम घेऊन जाईल असा माणूस ताईंना बरीच वर्षं भेटला नव्हता. मीही दर वेळी 'पुढच्या महिन्यात' म्हणायचो.

ताई त्या तीन खंडांकडे बघत राहिल्या.

"ताई, अहो," मी म्हणालो.

"तिघांची तीन घरं, काका. कोण उघडतंय?"

ही चूक कोणीही करू शकत नाही. तिला सत्कारांचा अनेक वर्षांचा अनुभव लागतो. मी चिकटपट्टी धरली, त्यांनी कागद घातला. तीन चौकोन असे काही देखणे दिसले की सचिवांनी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला.

डॉक्टरांचा खंड, म्हणजे तिसरा, पंधरवड्याच्या आत रद्दीवाल्याकडून परत आला. कागदाची घडीही मोडली नव्हती. ताईंनी माझ्याकडे 'बघा, सांगितलं नव्हतं?' अशा नजरेने बघितलं आणि तो शेल्फात ठेवला.

मग एका शनिवारी दुपारी पंचेचाळिशीचा, साध्या शर्टातला एक माणूस आत आला. हातात दुसरा खंड होता. उघडा, बिनकागदाचा, मध्ये बसचं तिकीट खूण म्हणून घातलेला. मी त्यांना आधी ओळखलं नाही. ताईंनी ओळखलं. वर्धापनदिनाचे प्रमुख पाहुणे, बेलापूरचे साहेब.

"हे तुमच्याकडून गेलं ना? मागे तुमचा शिक्का आहे." बोलण्याचा हेल विदर्भाकडचा होता, संथ.

"हो साहेब. ते... जरा घाईत..."

"आत खंड दुसरा असं छापलं आहे."

"चुकून झालं, साहेब. मी बदलून देते."

"बदलून कशाला? मी वाचलं."

"वाचलं?" ताई अशा आवाजात म्हणाल्या, जणू साहेबांनी ते खाल्लं होतं.

"पूर्ण. दोन भाऊ आहेत ना त्यात. एक गाडी चालवतो, दुसरा मागे कंडक्टर. अख्खा खंड एकमेकांशी बोलत नाहीत. एक घंटी दिली की थांब, दोन दिल्या की चल. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेही घंटीवरच. पण ते बोलत का नाहीत, हे कुठेच नाही."

"ते पहिल्या खंडात असणार," मी म्हणालो.

"तोच हवा आहे. मी सचिवांनाच फोन करणार होतो की हा प्रकार काय आहे. मग म्हटलं, आधी दुकानात विचारू."

त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. पण सचिवांचं नाव निघालं होतं. प्रमुख पाहुण्याला कादंबरीचा मधला तुकडा दिला, हे मंडळाला कळलं असतं तर पुढची ऑर्डर मॉलमध्ये गेली असती. ताईंनी शेल्फातला तिसरा खंड काढून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो उलटून बघितला आणि परत केला.

"आधी पहिला. मला भांडण माहीत नसताना समेट वाचायचा नाही."

"या आठवड्यात मिळवते, साहेब. फोन मात्र नका करू."

"नाही करत. पण मिळवा. मला झोप येत नाही हो."

ते गेल्यावर ताई स्टुलावर बसल्या.

"पहिला कोणाकडे?" मी विचारलं, तरी मला माहीत होतं.

"दादांकडे."

आम्ही दोघं संध्याकाळी शेठच्या घरी गेलो. दिवाणखान्यात भिंतभर काचेचं कपाट आणि आत दिवे लावलेले. त्यात करंडक, पितळी रथ, प्लास्टिकमधून न काढलेल्या शाली, आणि मधोमध, दिवा बरोबर वर येईल असा, सोनेरी चौकोन. मी अनेक घरांत देव यापेक्षा कमी उजेडात पाहिले आहेत.

ताईंच्या मोठ्या जाऊबाईंनी चहा आणला. शेठ सोफ्यावर रेलून होते.

"बोला काका. गाल्याचं बोलाला आला असाल तर चा प्या आनि जा."

"गाळ्याचं नाही, दादा," ताई म्हणाल्या. "मंडळात तुम्हाला पुस्तक दिलं ना, ते जरा हवं होतं."

"कशाला?"

"आत बघायचं होतं."

"आत काय बघाचा? पुस्तक हाय. सन्मानात भेटलंय ते. तो कागद नाय सोडाचा."

"दुसरं देते मी त्याच्या जागी. तसंच."

"दिलेली वस्तू परत मागतेस? आपले घरात ही पद्धत हाय का?"

जाऊबाई मध्ये पडल्या. "द्या हो, एक पुस्तक तर हाय. तुमी कधी वाचलाय?"

"तू गप. तुला तरी म्हाईत हाय का आत काय हाय ते?"

याचं उत्तर फक्त ताईंकडे होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. घाईची ऑर्डर, तीन खंड, तीन पाहुणे. मला वाटलं आता पाडव्याचीही वाट बघायला नको.

 या घरात वाटणीवरून कोर्टात वर्षं गेलेली आहेत, हे मला ताईंकडून कळलेलं होतं.

"म्हंजे," शेठ हळू आवाजात म्हणाले, "मला तिसरा हिस्सा दिलास?"

"तसं नाही दादा..."

"बाकीचा कोनाला दिलास?"

"तिसरा डॉक्टरांना. दुसरा साहेबांना."

"आनि मला?"

"पहिला."

शेठ सोफ्यावर सावरून बसले. "पयला मला? साहेबाला दुसरा?"

"हो."

"साहेबाला म्हाईत हाय हे?"

"हो. ते पहिलाच मागायला आले होते."

शेठनी वळून कपाटाकडे बघितलं. सोनेरी चौकोन तिथे कित्येक आठवडे होता, पण त्यांनी तो त्या क्षणी पहिल्यांदा पाहिला असावा. "म्हंजे बेलापूरचा साहेब माझेकडचा पयला मागतो."

"मागतात," मी म्हणालो. "देऊन टाका शेठ, मी पिशवीत घालून नेऊन देतो."

"पिशवीत?" शेठ माझ्यावर खरोखरच नाराज झाले. "काका, तुमी शिकलेली मान्सं, तुमाला कलत नाय. साहेबाला इकडं येऊ द्या. मी माज्या हातानी देईन. चार मान्सांसमोर."

"साधंच करू या की."

"सन्मान साधा नसतो."

माझी सगळी नोकरी अशा समारंभांत मागच्या रांगेत बसून डुलक्या काढण्यात गेली. निवृत्तीनंतर यातून सुटलो, या समजुतीत मी होतो. पुढच्या रविवारी सकाळी मी गावठाणाच्या गल्लीत मांडवाखाली, नारळ आणि शाल ठेवलेलं तबक धरून उभा होतो. खुर्च्यांना पांढरी कव्हरं होती. मागे फ्लेक्स होता. त्यावर शेठचा फोटो मोठा, साहेबांचा त्याहून थोडा लहान, ताईंचा शाळेच्या ओळखपत्रावरून काढलेला, आणि मध्ये सोनेरी चौकोनाचा. खाली लिहिलं होतं, 'भव्य ग्रंथ हस्तांतरण सोहळा'. चिकन सेंटर कार्यक्रमापुरतं बंद ठेवलं होतं. दुसऱ्या रांगेत केकवाला बसला होता. कार्यक्रमानंतर गाळ्याचं नक्की करून टाकू म्हणून शेठनीच त्याला बोलावलं होतं. ताईंनी त्याला पाहिलं आणि त्या दुकानाच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

साहेबांना मी फोनवर सगळं सांगितलं होतं, गाळ्याचं सोडून. ते म्हणाले होते, "शाल नको. बाकी काय करायचं ते करा, पण खंड द्या." शाल त्यांना घालण्यात आली. नारळही मिळाला. शेठचं भाषण झालं. आपल्या पूर्वजांनी मिठागरं राखली, आपण ज्ञान राखतो, असा त्याचा आशय होता. मग शेठनी दोन्ही हातांनी चौकोन पुढे केला, साहेबांनी दोन्ही हातांनी घेतला, दोघांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं.

मग साहेबांनी कागद फाडला.

माइक समोरच होता. सोनेरी कागद फाटल्याचा आवाज पार देवळापर्यंत गेला असेल. पुढच्या रांगेतल्या एक आजी दचकल्या. साहेबांनी पहिलं पान उघडलं आणि उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, काहीतरी वाचून दाखवणार. सगळे शांत झाले. साहेबांनी पान उलटलं. तोही आवाज माइकवर आला. शेठ हसतमुख उभे होते. आणखी एक पान उलटलं गेलं, तसं शेठचं हसू थोडं थकलं. मला मंचावर आयुष्यात इतका प्रामाणिक कार्यक्रम बघायला मिळाला नव्हता, आणि माझ्या हातात रिकामं तबक असल्यामुळे टाळ्याही वाजवता येत नव्हत्या.

शेवटी सूत्रसंचालकाने दोन शब्दांची विनंती केली. साहेब भानावर आले.

"माफ करा. भांडण कुठून सुरू होतं ते बघत होतो. मी पंधरा-वीस दुकानांत विचारलं असेल. एका ठिकाणी म्हणाले, बारकोड सांगा. फक्त इथे मला कोणी विचारलं नाही की दुसऱ्या खंडापासून का सुरू केलं." लोक हसले. साहेब मात्र गंभीर होते. ते शेठकडे वळले. "हा झाला की मी तिसरा न्यायला येईन. मग पुढे दुसरं काही. दुकान इथेच असणार ना?"

त्यांना खरोखर काही माहीत नव्हतं. एखाद्याने डॉक्टरला दवाखान्याची वेळ विचारावी, तसं त्यांनी विचारलं.

ताई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. शेठच्या हातात माइक होता. समोर गाव होतं, साहेब होते, मागे फ्लेक्स होता आणि त्यावर ग्रंथ हा शब्द त्यांच्याच फोटोखाली होता. त्यांनी एकदा दुसऱ्या रांगेकडे बघितलं. मग छाती भरून घेतली.

"असनार म्हंजे काय, साहेब! हे आपले गावाचं भूषन हाय. मी हाय तोवर या दुकानाला कोन हात लावतो बघू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. केकवाल्यानेही वाजवल्या. मधेच थांबला, इकडे तिकडे बघितलं आणि पुन्हा वाजवू लागला.

मंचावरून दिलेल्या आश्वासनांवर मी आयुष्यभर हसत आलो आहे, आणि बहुतेक वेळा बरोबरच हसलो. पण ती आश्वासनं परक्या लोकांना दिलेली असतात. शेठनी शब्द दिला तो रोज सकाळी दुधाला जाताना भेटणाऱ्या माणसांसमोर. पाडवा आला आणि गेला. केकवाल्याला शेजारच्या गल्लीत गाळा मिळाला. शेठनीच बघून दिला आणि उद्घाटनाची फीतही त्यांनीच कापली. ताईंच्या दुकानासमोर तो फ्लेक्स अजून आहे. उन्हाने साहेबांचा चेहरा फिका झाला आहे, शेठचा जरा टिकला आहे. एका थाटामुळे एक चांगली गोष्ट वाचली, हे मला मान्य करावं लागतं. आनंदाने करतो असं नाही.

साहेब अधूनमधून शनिवारी येतात. मी त्यांना विचारलं, दोघं भाऊ बोलत का नव्हते? त्यांनी सांगायला साफ नकार दिला आणि तिन्ही खंड माझ्यासमोर ठेवून गेले. सध्या मी पहिल्याच्या मध्यावर आहे. भाऊ अजून बोलताहेत. इतक्या प्रेमाने बोलताहेत की पान उलटायची भीती वाटते.

मंडळाच्या ऑर्डरी चालू आहेत; साहेबच खूश म्हटल्यावर सचिवांनी खंडांचा विषय काढला नाही. ताई आता पूर्ण पुस्तकंच देतात. त्या सगळ्या प्रकरणातून त्यांनी एवढाच धडा घेतला. रहस्यकथेचे शेवट अजून गिऱ्हाईक बघून सांगतात.

परवा आम्ही बसलो होतो, तर दारात अंधार झाला. शेठ होते. या वेळी ते अंग चोरून आत आले आणि मला बाहेर यावं लागलं. त्यांनी बराच वेळ शेल्फांकडे बघितलं.

"कपाटात जागा खाली रायलीय," ते म्हणाले. "बरं नाय दिसत. तसलाच एक दे. जाड."

"देते, दादा. कशावरचं देऊ?"

"ते तू बघ. पन पुरा दे. हिस्सा नको."

ताईंनी बराच विचार करून कालव्यावरच्या माणसाचं, मी वाचून परत दिलेलं आत्मचरित्र काढलं. ते जाड नव्हतं. शेठनी हातात तोलून बघितलं, सुरुवातीच्या फोटोंवरून नजर फिरवली आणि ते पसंत केलं.

"कागद लावू ना? सोनेरी?"

"लाव की," शेठ म्हणाले. दोन पायऱ्या उतरले आणि परत वळले. "पन वरती लिवून ठेव, आत काय हाय ते. घरी कोनी इचारलं तर सांगाला बरं."